ओव्हर-रेव्हनंतरची तपासणी: कॉम्प्रेशन टेस्ट की लीक-डाउन टेस्ट?

घाटात पाचव्या गिअरमधून चौथ्यावर येताना चुकून दुसरा पडला, तर चाकेच इंजिनाला मर्यादेपलीकडच्या वेगाने फिरवतात; हाच ओव्हर-रेव्ह. रेव्ह लिमिटर, म्हणजे इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, केवळ इंधन किंवा ठिणगी तोडतो, हे फिरणे तो थांबवू शकत नाही. जुन्या गाडीतील थकलेल्या स्प्रिंगा व्हॉल्व्हला (सिलिंडरच्या झडपेला) वेळेत मिटवू शकल्या नाहीत, तर पिस्टन त्यावर आपटून व्हॉल्व्ह वाकू शकतो.

कॉम्प्रेशन टेस्ट स्वस्त आणि झटपट होते. स्पार्क प्लगच्या जागी गेज लावून, थ्रॉटल (इंजिनात हवा घेणारी झडप) पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारला की प्रत्येक सिलिंडरचा दाब कळतो. तिघांत १७० पीएसआय आणि एकात ९० भरले, तर दोष कोणत्या सिलिंडरात आहे हे उघड होते, मात्र दाब कुठून निसटतो ते समजत नाही.

लीक-डाउन टेस्टला कॉम्प्रेसर आणि धीर दोन्ही लागतात. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वरच्या टोकाला आणून सिलिंडरात हवा सोडतात आणि मग कान देऊन ऐकतात: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलपाशी आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर पिस्टनच्या रिंगा. जुन्या इंजिनात रिंगांची थोडी गळती झिजेमुळे आधीपासूनच असते, त्यामुळे केवळ गेजवरची गळतीची टक्केवारी पाहून घाबरू नये; व्हॉल्व्हकडील आवाज मात्र मी कधीच सोडून देणार नाही. म्हणूनच ओव्हर-रेव्हनंतर माझा कौल लीक-डाउनला आहे.

बेअरिंगची इजा दोन्हींत दिसत नाही. त्यासाठी ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूची चमक शोधावी लागते.