दूरचे विमान दिसावे म्हणून: २७ इंची क्यूएचडी मॉनिटर आणि ओपनट्रॅक, काही महिन्यांच्या वापरानंतर

डीसीएस वर्ल्ड आणि आयएल-२ ग्रेट बॅटल्स हे दोन लढाऊ सिम्युलेटर मी नियमित खेळतो. दोन्हींत लढतीचा निकाल बहुतेक वेळा पहिली गोळी सुटण्याआधीच लागलेला असतो, कारण ज्याला समोरचे विमान आधी दिसते त्याच्या हातात उंची, पाठीशी सूर्य आणि विचार करायला वेळ असे तिन्ही राहते. ही एकच अडचण डोळ्यांसमोर ठेवून मी गेल्या मे महिन्याच्या अखेरीस जुना २४ इंची फुल एचडी पडदा काढून २७ इंची, २५६० गुणिले १४४० पिक्सेलचा (म्हणजेच क्यूएचडी) आयपीएस मॉनिटर घेतला आणि त्यासोबत साध्या वेबकॅमवर चालणारे, डोके वळेल तसे खेळातले दृश्य वळवणारे ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर बसवले. वेंगुर्ल्यातल्या घरात हा सगळा संच एक संपूर्ण पावसाळा काढून आता कलमांना मोहोर येईपर्यंत वापरला आहे, त्यामुळे नव्याची नवलाई ओसरल्यानंतरचे मत सांगता येईल.

मुळात दूरचे विमान दिसत नाही ते का, हे आधी आकड्यांत पाहणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय कोणत्या गोष्टीवर पैसे खर्च करावेत हे कळत नाही. मेसरश्मिट १०९ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे १० मीटर आहे. पाच किलोमीटरवरून ते विमान डोळ्याशी जेमतेम सात कलांचा कोन करते (एक अंश म्हणजे ६० कला). खेळात आडवा दृश्यकोन (पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या दृश्याची रुंदी) ९० अंश ठेवला असेल, तर फुल एचडी पडद्याच्या मध्यभागी हे विमान दोन पिक्सेलसुद्धा पूर्ण भरत नाही, क्यूएचडीवर अडीच पिक्सेल भरते आणि फोर-केवर पावणेचारच्या आसपास. हे झाले पूर्ण पंख दिसत असताना. तेच विमान बाजूने तिरके किंवा थेट समोरून येत असेल, तर धडाची जाडी मीटरभराचीच असल्याने उंचीत उरते ते पिक्सेलच्या अंशाइतके काहीतरी, आणि त्याचे काय करायचे हे ग्राफिक्स कार्ड ठरवते.

निरोगी डोळ्याला वेगळा ओळखता येणारा सर्वांत लहान कोन साधारण एक कला धरतात. आमच्या किनाऱ्यावरून गोव्यातल्या मोपाच्या विमानतळाकडे उतरणारी ए-३२० प्रवासी विमाने दिसतात. फोनवरच्या अॅपमध्ये अंतर पाहत मी ती बरेचदा शोधली आहेत. ३५ ते ३८ मीटर आकाराचे हे विमान निरभ्र दिवशी वीस किलोमीटरवर सहा कलांचे असते आणि कुठे पाहायचे ते माहीत असेल तर सहज सापडते. म्हणजे कोन जवळपास तेवढाच, पण खऱ्या आकाशात जे विमान स्पष्ट कळते, ते खेळातल्या ९० अंशांच्या दृश्यात दोन-अडीच पिक्सेलचे करडे कण होऊन धुक्यात विरघळते. डोळ्याला जे निसर्गतः मिळते ते पडदा देत नाही, आणि म्हणून झूम वापरणे ही लबाडी आहे असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. एका पिक्सेलला एक कला हे प्रमाण हवे असेल, तर क्यूएचडी पडद्यावर आडवा दृश्यकोन सुमारे ४१ अंशांपर्यंत आणावा लागतो. फुल एचडीवर त्यासाठी ३१ अंशांपर्यंत जावे लागते आणि फोर-केवर ५८ अंशांवरच ते काम होते. नव्या मॉनिटरचा खरा लाभ मला इथे मिळाला. पूर्वी आकाश तपासताना इतके खोल झूम करावे लागे की आजूबाजूचे भान सुटत असे. आता तितक्याच तपशिलासाठी बरेच रुंद दृश्य हाताशी राहते. थ्रॉटलवरच्या (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरच्या) फिरत्या चाकाला झूमचा अक्ष जोडून ठेवला आहे. बटणाने टप्प्याटप्प्याने होणाऱ्या झूमपेक्षा हे कितीतरी बरे, कारण ठिपका दिसल्याची शंका येताच बोट किंचित सरकवून खात्री करता येते आणि लगेच मागे येता येते.

झूम केल्यावर मात्र हेड ट्रॅकिंगची थरथर लगेच उघडी पडते. ओपनट्रॅकचा न्यूरलनेट ट्रॅकर डोक्यावर कोणतेही दिवे न लावता केवळ चेहरा पाहून काम करतो, ही त्याची मोठी सोय आहे. पण खोलीत उजेड कमी असला की वेबकॅमचे चित्र दाणेदार होते आणि पडद्यावरचे दृश्य सतत बारीक हलू लागते. दोन पिक्सेलचा ठिपका त्या हलण्यात हरवतोच. त्यावर दोन उपाय उपयोगी पडले. पहिला म्हणजे अॅक्सेला फिल्टरमधले गुळगुळीतपणाचे मूल्य वाढवणे आणि डोके सरळ असताना मधोमध एक लहानसा स्थिर पट्टा ठेवणे. दुसरा अगदी साधा: मॉनिटरच्या वर एक छोटा पांढरा दिवा असा लावणे की प्रकाश चेहऱ्यावर पडेल आणि काचेवर पडणार नाही. या दिव्यानंतर ट्रॅकिंगमध्ये जो फरक पडला, तो सॉफ्टवेअरच्या कोणत्याही पर्यायाने पडला नव्हता. इन्फ्रारेड ठिपक्यांवर चालणारे ट्रॅकआयआर अर्थातच अधिक स्थिर आहे. मित्राकडे कुडाळला ते वापरून पाहिले आहे, आणि ज्यांना परवडते त्यांनी ते जरूर घ्यावे.

आता ग्राफिक्सच्या मांडणीकडे येतो, कारण चांगला मॉनिटर घेऊनही चुकीच्या पर्यायांमुळे तो वाया जाऊ शकतो. माझ्याकडे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, त्यामुळे डीसीएस क्यूएचडीवर चालवताना डीएलएसएस लावण्याचा मोह होतो. हे तंत्र क्वालिटी दर्जावर असतानाही चित्र प्रत्यक्षात सुमारे १७०७ गुणिले ९६० पिक्सेलवर काढून मग मोठे करते. वरचे गणित पुन्हा मांडले तर अडीच पिक्सेलचे विमान मुळात पावणेदोन पिक्सेलचे काढले जाते. शिवाय ही पद्धत आणि टीएए (चित्राच्या कडा गुळगुळीत करण्याची एक पद्धत) दोन्ही मागच्या चौकटींतली (फ्रेम्समधली) माहिती पुढच्या चौकटीत मिसळतात, आणि आकाशात वेगाने सरकणारा एक-दोन पिक्सेलचा कण नेमका त्या मिसळण्यात पुसट होतो किंवा मागे फिकट शेपूट सोडतो. डोंगर, झाडे, कॉकपिटमधली अक्षरे यांच्यासाठी ही तंत्रे उत्तम आहेत, पण मला ज्या एका गोष्टीसाठी पडदा हवा आहे तिच्या ती विरोधात जातात. म्हणून बरेच महिने मी दुप्पट एमएसएए (मागच्या चौकटी न मिसळता कडा गुळगुळीत करणारी पद्धत), मूळ रिझोल्यूशन आणि त्याबदल्यात सावल्या व ढग मध्यम, अशी तडजोड कायम ठेवली आहे. गर्दीच्या मोहिमांत फ्रेम्स कमी पडतात तेव्हा डीएलएए (डीएलएसएसचेच, चित्र मोठे न करता फक्त कडा गुळगुळीत करणारे रूप) लावून पाहतो. त्यात मूळ रिझोल्यूशन टिकते, मात्र सरकता ठिपका एमएसएएइतका टोकदार राहत नाही. शार्पनिंग थोडे वाढवल्यास ठिपक्याची कड उठून दिसते, पण ते फार वाढवले की खालच्या जमिनीवरचे प्रत्येक झाड लुकलुकू लागते आणि नजर उगाच तिकडे ओढली जाते. आयएल-२ मध्ये याच कारणासाठी लँडस्केप फिल्टर धूसर पर्यायावर ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवेन: जमीन शांत झाली की तिच्यावरून सरकणारी एकच गोष्ट डोळ्यात भरते.

खेळांनी स्वतःही या प्रश्नावर उपाय योजले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डीसीएसच्या २.९ आवृत्तीत दूरच्या विमानांसाठी सुधारित ठिपके आले. असा ठिपका पिक्सेलच्या हिशेबात काढला की कमी रिझोल्यूशनच्या पडद्यावर तोच ठिपका मोठा दिसतो आणि जास्त रिझोल्यूशनच्या पडद्यावर लहान, त्यामुळे जुना पडदा असणाऱ्याला दूरच्या टप्प्यात उलट फायदा होऊ शकतो. मॉनिटर बदलताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ठिपक्याच्या टप्प्यातून विमान आत आले आणि त्याची प्रत्यक्ष आकृती दिसू लागली, की मग जास्त पिक्सेलचा पडदा सरळ पुढे जातो: पंख कोणत्या बाजूला कलले आहेत, विमान आपल्याकडे येते आहे की दूर जाते आहे, हे क्यूएचडीवर मला पूर्वीपेक्षा बरेच आधी कळते, आणि लढतीत ठिपका दिसण्याइतकेच हे कळणे मोलाचे आहे. आयएल-२ मध्ये सर्व्हर चालवणारा पर्यायी दृश्यमानता चालू ठेवू शकतो, त्यात दूरची विमाने मोठी करून दाखवली जातात. फाल्कन बीएमएस या सिम्युलेटरमध्ये स्मार्ट स्केलिंग आहे, ज्यात अंतराच्या प्रमाणात आकार वाढवून पडद्याची उणीव भरून काढली जाते. मला व्यक्तिशः ही शेवटची पद्धत सर्वांत न्याय्य वाटते, कारण ती ठिपका चिकटवत नाही, आकृतीच थोडी मोठी करते, आणि त्यामुळे विमानाचा कलही कळतो.

मॉनिटरमधल्या स्वतःच्या पर्यायांपैकी गडद भाग उजळवणारा पर्याय मी बंद ठेवला आहे. तो जमिनीवरच्या लढाईच्या खेळांत कामी येत असेल, पण इथे उजळ आकाशावर गडद ठिपका शोधायचा असतो आणि गडदपणा उचलला की दोघांतला फरकच कमी होतो. त्याचप्रमाणे ब्राइटनेस व काँट्रास्ट इतके वाढवू नयेत की क्षितिजाजवळचे धुके सपाट पांढरे पडेल, कारण बहुतेक विमाने प्रथम त्याच पट्ट्यात दिसतात.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी काही गोष्टी वेगळ्याने सांगणे भाग आहे. माझ्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे आणि दुपारनंतर समुद्राकडून येणारा उजेड इतका असतो की मॅट काचेवरही फिकट पडदा चढतो. टेबल भिंतीच्या कडेला फिरवून खिडकी मॉनिटरच्या बाजूला घेतल्यावर दुपारच्या उड्डाणांत जो फायदा झाला, तो कोणत्याही रंगमांडणीने झाला नसता. खारे वारे सुटले की दोन-तीन दिवसांत काचेवर चिकट थर बसतो. तो नुसत्या कोरड्या फडक्याने पुसला तर फासला जातो आणि त्यातून सारे दूरचे कण पुसट होतात. मॉनिटर बंद करून, मऊ मायक्रोफायबर कापडावर थोडे डिस्टिल्ड पाणी घेऊन हलक्या हाताने पुसणे आणि मग कोरडे कापड फिरवणे, हा क्रम पाळावा. उड्डाणापूर्वी एकदा पूर्ण पांढरे चित्र लावून काचेवरचे कण पाहून घ्यावेत, कारण धुळीचा एक कण झूम न करता अगदी दहा किलोमीटरवरच्या विमानासारखा दिसतो. पावसाळ्यात संध्याकाळी उजेडाला येणारी चिलटे तर काचेवरून चालतात, आणि चालणारे चिलट हे सरकत्या विमानाचे इतके हुबेहूब रूप असते की मी जून ते सप्टेंबर खिडकीला बारीक जाळी लावल्याशिवाय ऑनलाइन लढतीला बसत नाही. वीज ये-जा करते तिथे यूपीएस हवाच.

यंत्र कितीही चांगले असले तरी शोधण्याची पद्धत नसेल तर ते अपुरे पडते. प्रत्यक्ष वैमानिकांना आकाशाचे दहा अंशांहून मोठे नसलेले तुकडे पाडून प्रत्येकावर किमान एक सेकंद नजर थांबवायला शिकवतात, कारण नजर सरकत असताना डोळा बारीक काही टिपत नाही. सुपातले तांदूळ निवडताना जसे एकेक मूठ पुढे ओढून पाहतात, तसे हे काम आहे. मी आधी क्षितिजाचा पट्टा डावीकडून उजवीकडे तपासतो, मग सूर्याभोवतालचा भाग, मग स्वतःच्या मागची वरची बाजू, आणि प्रत्येक तुकड्यावर झूमचे चाक एकदा पुढे-मागे करतो. खऱ्या आकाशात रिकाम्या निळाईकडे पाहताना डोळ्याची केंद्रितता आपोआप जवळ येते, ही वैमानिकांची मोठी अडचण असते. पडदा ठरावीक अंतरावर असल्याने आपल्याला ती नाही, आणि ही सवलत पुरेपूर वापरावी.

एका बाबतीत मात्र एवढे सगळे करूनही समाधान झालेले नाही. वरून खाली पाहताना जंगल किंवा शेतांच्या पार्श्वभूमीवर कमी उंचीवर जाणारे विमान मला आजही उशिरा दिसते, आणि त्यावर क्यूएचडी, झूम, एमएसएए यांपैकी कशाचाच पुरेसा उपयोग होत नाही, कारण तिथे पिक्सेल असतात पण रंगाचा फरक नसतो. डीसीएसच्या पर्शियन गल्फसारख्या नकाशावर समुद्राचा भाग असेल तर मी लढत पाण्यावर ओढून नेतो, जिथे पार्श्वभूमी एकसारखी असते. जमिनीवर तसे करता येत नाही तेव्हा उंचीचा थोडा त्याग करून शत्रू अपेक्षित असलेल्या थराच्या खाली उतरतो आणि त्याला आकाशावर उमटू देतो.