किडनी ट्रान्सप्लांट ओपीडी, संभाजीनगर: ‘मॅच होईना’ म्हणजे काय ते अडीच वर्षांनी कळलं

पाचपैकी साडेचार स्टार देतोय, अर्धा का कापला ते पुढं सांगतो.

आम्ही अंबड तालुक्यातले, मोसंबीची बाग आहे. मंडळीचं डायलिसिस अडीच वर्षांपासून चालूय, आठवड्यातून दोनदा. ज्या माणसाच्या बांधावर मोसंबी पडून सडती त्याच्या बायकोला पोटॅशियममुळं एक फोड तोंडात टाकता येईना, एवढं सांगितलं तरी घरातलं वातावरण कसं असंल ते समजून घ्या. किडनी मी द्यायला तयार होतो पहिल्या दिवसापासून, दोघांचा ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह, मला शुगर नाही बीपी नाही, आम्हाला वाटलं काम झालंच. पण आधी ज्या दवाखान्यात जात होतो (नाव घेत नाही) तिथं क्रॉसमॅच (हिचं रक्त माझ्या पेशींवर हल्ला करतं का ते बघायची टेस्ट) पॉझिटिव्ह आला, म्हणजे हल्ला करतं आणि एका वाक्यात विषय संपवला, ‘मॅच होईना, दुसरा डोनर बघा.’ का होईना ते कुणी सांगितलं नाही. हिनं ते मनाला लावून घेतलं, माझ्याच अंगात काहीतरी खोट आहे मनून महिनाभर कुणाशी धड बोलली नाही.

मग एका डायलिसिसवाल्या भावानं ही ओपीडी सांगितली. गुरुवारी असती. पहिल्याच भेटीत कोऑर्डिनेटर ताईंनी सगळी फाइल पान न् पान बघितली आणि मला न विचारता हिलाच विचारलं, ‘ताई, बाळंतपणं किती झाली? रक्त किती वेळा चढवलं?’ बाळंतपणं दोन, आणि एचबी सहावर आलं तेव्हा चार पिशव्या रक्त दिलेलं. तर कारण तिथंच होतं बघा. लेकरं पोटात असताना त्यांचं अर्धं अंग बापाचं, माझं, ते हिच्या शरीरानं परकं मनून ओळखलं आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या, रक्ताच्या पिशव्यांनी त्यात आणखी भर घातली. पांढऱ्या पेशी गाळून घेतलेलं रक्त दिलं तर हा धोका कमी होतो, पण आम्हाला तवा हे कुणीच बोललं नाही. ज्याची दोन लेकरं वाढवली त्याचीच किडनी हिचं रक्त नको म्हणायलंय. ताईंनी हे एवढ्या सरळ शब्दात सांगितलं की ही पहिल्यांदा रडली आणि मग म्हणली, ‘म्हंजे माझी चूक नाही.’ त्या एका वाक्यासाठी मी इथली फी दहा वेळा भरीन.

आता खरी गोष्ट. पुतण्यानं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला होता, डुकराची किडनी आली, आता डोनर लागतच नाही मनून. मी विचारायला लाजत होतो पण हिनंच तिथल्या डॉक्टर सरांना विचारलं. माळकरी बाई, गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला पैठणला जाणारी, आणि म्हणली, ‘सर, लेकरांसाठी तेबी घालून घेईन, पण चालंल का मला?’ सर हसले नाहीत. खुर्ची पुढं ओढून बसले आणि अर्धा तास दिला, बाहेर गर्दी असताना.

त्यांनी मला विचारलं, बाग कशाची, खुंट कोणता. म्हणलं जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतो, म्हणजे कलम करतो आम्ही. मग म्हणले, डोळा कधी काळा पडतो ना? साधी डुकराची किडनी माणसाला बसवली तर ती काही मिनिटांत नाहीतर तासाभरात तशीच काळीनिळी पडती. झाडाला रक्त नाही मनून जंबेरी मोसंबीला सांभाळून घेती, आपल्या रक्तात मात्र डुकराविरुद्धच्या अँटीबॉडी आधीपासूनच तयार असतात. डुकराच्या पेशींवर अल्फा गॅल नावाची एक साखर असती, तीच साखर आपल्या आतड्यातल्या जंतूंवरबी असती, त्यामुळं लहानपणापासून प्रत्येकाचं शरीर तिच्याविरुद्ध सज्ज. अँटीबॉडी जाऊन किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटतात, मागून कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीन येऊन पेशींना भोकं पाडतात, रक्ताच्या गुठळ्या होतात, खेळ खलास.

म्हणून अमेरिकेत डुकराचे जीन बदलले. मुख्य तीन साखरा बनवणारे जीन बंद केले आणि कॉम्प्लिमेंटला आवरणारे, गुठळी होऊ न देणारे माणसाचे जीन टाकले. जानेवारी २०२२ ला बाल्टिमोरमधे डेव्हिड बेनेट नावाच्या पेशंटला असंच दहा जीन बदललेल्या डुकराचं हृदय बसवलं, मिनिटांत काळं पडलं नाही, चांगलं चाललं, पण दोन महिन्यांनी ते गेले. नंतर तपासलं तर त्यात डुकराचा एक विषाणू सापडला आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना अँटीबॉडीनं मार दिल्याच्या खुणाबी सापडल्या. त्यांना आयव्हीआयजी नावाचं औषध दिलं होतं, ते हजारो लोकांच्या रक्तातून गोळा केलेल्या अँटीबॉडींचं बनतं, आणि त्यातच डुकराला चिकटणाऱ्या अँटीबॉडी असल्यानं नुकसान वाढलं असा संशय आहे. हे ऐकून मी गप्पच बसलो, कारण हिच्या अँटीबॉडी कमी करायला जे औषध आमच्या कागदावर लिहिलं होतं ते हेच! सर म्हणले घाबरू नका, माणसाच्या किडनीसाठी ते वर्षानुवर्षं वापरतात, डुकराच्या बाबतीत हिशोब वेगळा.

२०२३ ला दुसऱ्या पेशंटला हृदय बसवलं, ते सहा आठवडे चाललं, शेवटी रिजेक्शन, म्हणजे शरीरानं ते झिडकारलं. त्याच साली न्यूयॉर्कमधे ब्रेनडेड माणसाच्या शरीरात डुकराची किडनी ६१ दिवस चालवून बघितली, तेहतिसाव्या दिवशी अँटीबॉडीचा हल्ला झाला, पण प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलून आणि कॉम्प्लिमेंट थांबवणारं औषध देऊन तो परतवला. सरांच्या मते हीच सगळ्यात आशेची गोष्ट, कारण हल्ला झाला तरी वेळेवर पकडला तर मागं घेता येतो.

पण हिच्या मनाला लागली ती टोवाना लूनी यांची गोष्ट. त्या बाईनं १९९९ ला स्वतःच्या आईला एक किडनी दिली, पुढं गरोदरपणात बीपीचा त्रास होऊन उरलेली खराब झाली, २०१६ पासून डायलिसिस. अंगात अँटीबॉडी एवढ्या की माणसाची किडनी जुळणं जवळपास अशक्य, हुबेहूब आमच्यासारखं. नोव्हेंबर २०२४ ला न्यूयॉर्कला डुकराची किडनी बसवली, ती १३० दिवस चालली. मग इन्फेक्शन झालं, ते आटोक्यात आणायला रिजेक्शन रोखायच्या गोळ्या कमी कराव्या लागल्या, शरीरानं किडनी झिडकारली, एप्रिल २०२५ ला काढून टाकली आणि बाई परत डायलिसिसवर. हिनं विचारलं, ‘पण ते चार महिने त्यांनी पाणी पोटभर पिलं का हो?’ सर म्हणले, प्यायल्या असतील. डायलिसिसवाल्याच्या घरात या प्रश्नाचं वजन काय असतं ते आम्हालाच माहीत, आमच्याकडं ग्लासावर मार्करनं रेघ मारलेली आहे.

मग सरळ उत्तर मिळालं. हिच्या अँटीबॉडी माणसाच्या ज्या एचएलएविरुद्ध (पेशींवरच्या ओळखीच्या खुणांविरुद्ध) आहेत, डुकरातबी तसलेच मार्कर असतात आणि काही अँटीबॉडी तिकडंबी चिकटू शकतात, मनजे तिथंसुद्धा क्रॉसमॅच सुटत नाही. आणि हे सगळं अजून चाचणीच्या पायरीवर आहे, ते पण अमेरिका-चीनमधे. आपल्याकडं १९९७ ला आसामात सोनापूरला डॉ. धनीराम बरुआंनी एका तरुणाला डुकराचं हृदय बसवलं होतं, तो सात दिवसांत गेला आणि डॉक्टरांना जेलमधे जावं लागलं, हेबी सरांकडूनच कळलं. खोटी आशा विकली नाही आणि मला ते सगळ्यात जास्त आवडलं. नाहीतर ‘दोन वर्षांत भारतात येईल, तोवर आमच्याकडंच डायलिसिस करा’ म्हणणारेबी भेटलेत आम्हाला.

आमच्यासाठी तीन वाटा सांगितल्या. कोणत्या अँटीबॉडी किती आहेत ते सिंगल अँटिजेन टेस्टनं मोजायचं, कमी असतील तर प्लाझ्मा बदलून आणि औषधं देऊन माझीच किडनी बसवायचा प्रयत्न. नाहीतर स्वॅप, म्हणजे आमच्यासारखंच अडलेलं दुसरं जोडपं शोधून डोनरची अदलाबदल, कायद्यात बसतं ते. आणि तोवर झेडटीसीसीच्या (मृत्यूनंतर दान केलेले अवयव वाटून देणाऱ्या विभागीय केंद्राच्या) वेटिंग लिस्टला नाव. रक्त शक्यतो चढवायचंच नाही, एचबीसाठी इंजेक्शन, आणि अगदीच गरज पडली तर गाळलेलं रक्त मागून घ्यायचं, हे ताईंनी हिच्या डायलिसिसच्या वहीवर लाल पेनानं लिहून दिलं.

आता अर्धा स्टार. साडेदहाची वेळ, नंबर लागला दीडला. डायलिसिसचा पेशंट तीन तास लोखंडी खुर्चीवर बसू शकत नाही हो, दोन आडवं व्हायचे बेड तरी ठेवा. एसी लय जोरात, शाल सोबत न्या. रिपोर्ट सगळे इंग्रजीत, ताई समजावून सांगतात पण घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसाला काय सांगायचं, एक मराठी पान द्यायला पाहिजे. टेस्टचं सॅम्पल बाहेर जातं, आमचा रिपोर्ट यायला बारा दिवस लागले, तवर जीव टांगणीला.

जाताना जुने सगळे क्रॉसमॅच रिपोर्ट, रक्त चढवल्याच्या तारखा आणि बाळंतपणाची, गर्भपात झाला असंल तर त्याची पण माहिती न लपवता न्या, सासूसमोर बोलायची चोरी असंल तर ताई बाजूला घेऊन विचारतात. आम्ही स्वॅपला नाव दिलंय. तुमच्या घरी असंच जोडपं अडलं असंल, डोनर तयार आहे पण क्रॉसमॅच पॉझिटिव्ह, तर गुरुवारी येऊन ताईंकडं नोंद करा, आम्ही पण तिथंच बसलेलो असतो.