फास्टॅगचा वार्षिक पास: नागपूरकरांना परवडतो, रस्त्याला किती पुरतो?

नागपूरहून महिन्यातून दोन-तीनदा स्वतःच्या गाडीनं अमरावतीला जाणं होत असेल, तर फास्टॅगचा वार्षिक पास, म्हणजे राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलसाठी खासगी गाडीला मिळणारा पास, घ्यावा. भंडारा किंवा हिंगणघाट रोज अप-डाउन असेल, तर आधी कागदावर हिशेब मांडावा. आणि समृद्धीवरून मुंबईला जाण्यासाठी घ्यायचा विचार असेल तर घेऊ नये, कारण तिथे तो चालत नाही.

15 ऑगस्ट 2025 ला पास सुरू झाला तेव्हा किंमत 3,000 रुपये होती. खालचा हिशेब त्याच आकड्यावर आहे. दर बदलला असेल तर तेवढा फरक धरून चाला. एक वर्ष किंवा 200 ट्रिप, यातलं जे आधी संपेल तिथे पास संपतो. म्हणजे एक ट्रिप 15 रुपयांना पडते. खुल्या नाक्यावरून गाडी एकदा गेली की एक ट्रिप, परत आली की दुसरी. जिथे आत शिरताना आणि बाहेर पडताना अशी दोन्हीकडे नोंद होते, तिथे दोन्ही मिळून एकच ट्रिप धरतात.

अमरावतीच्या वाटेवर गोंडखैरी, कारंजा आणि नांदगाव पेठ असे तीन नाके लागतात. जाऊन-येऊन सहा ट्रिप, म्हणजे 90 रुपये. महिन्यातून दोन फेऱ्या केल्या तरी वर्षाच्या 144 ट्रिप होतात आणि उरलेल्या 56 इतर वाटांना पुरतात.

रोजच्या माणसाचं गणित वेगळं आहे. भंडाऱ्याला जाताना माथनीचा नाका, हिंगणघाटला जाताना बोरखेडीचा. दिवसाला दोन ट्रिप धरल्या तर शंभर कामाच्या दिवसांत पास संपतो, म्हणजे चार महिन्यांत. वर्षाला तीन पास, 9,000 रुपये. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बिगरव्यावसायिक गाडीला स्थानिक मासिक पास मिळतो. 2025-26 मध्ये तो साडेतीनशेच्या घरात होता, म्हणजे वर्षाला साधारण 4,200 रुपये, आणि फेऱ्यांना मर्यादा नाही. मौद्यात राहणाऱ्यानं माथनीसाठी तोच काढावा. वार्षिक पासाचा एवढा गाजावाजा झालाय की हा जुना पास लोक विसरूनच गेलेत.

पास घ्यायचा तो फक्त ‘राजमार्गयात्रा’ ॲपवरून किंवा महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून. गाडीचा नंबर टाकला की वाहन नोंदणीशी पडताळणी होते, पैसे भरल्यावर साधारण दोन तासांत पास चालू होतो. फास्टॅगच्या वॉलेटमधले पैसे यासाठी चालत नाहीत, यूपीआय किंवा कार्डानं वेगळे भरावे लागतात. टॅग नोंदणी क्रमांकावरच असायला हवा. नवी गाडी घेताना शोरूमनं चेसिस नंबरवर टॅग दिला असेल आणि नंतर नंबर जोडायचा राहिला असेल, तर घोडं तिथेच अडतं. आधी टॅग देणाऱ्या बँकेकडून नंबर जोडून घ्या. टॅग काचेला चिकटवलेला हवा, डॅशबोर्डवर ठेवून हातानं दाखवलेला चालत नाही. टॅक्सी परवान्याच्या गाडीला हा पास नाहीच.

पास काढला म्हणून वॉलेट रिकामं ठेवू नका. राज्याच्या रस्त्यांवर टोल वॉलेटमधूनच कटतो. समृद्धी महामार्ग रस्ते विकास महामंडळाचा आहे. एप्रिल 2025 पासूनच्या कारच्या दरानं, किलोमीटरला 2.06 रुपये, नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतच्या 701 किलोमीटरला जवळपास 1,445 रुपये होतात आणि ते पूर्ण कटतात. 200 वी ट्रिप वाटेतच संपली तर पुढच्या नाक्यावर टॅग पुन्हा साधा होतो. शिल्लक नसेल तर नोव्हेंबर 2025 पासूनच्या नियमानं यूपीआयनं सव्वापट भरावं लागतं. तीनशे-चारशे रुपये कायम असू द्या.

सेवा म्हणून इतकं पुरेसं होतं. पण टोल हा रस्ता वापरण्याचा मोबदला आहे, आणि त्या बाजूनं पाहिलं की या पासात मोठी उणीव दिसते. त्यात अंतर मोजलं जात नाही आणि वजनही. नाका लहान टप्प्याचा असो की मोठ्या, 15 रुपयेच. मुळातला दरही वजनाच्या मानानं ठरलेला नाही. 2008 च्या शुल्क नियमांत कारला किलोमीटरला 65 पैसे, ट्रक-बसला 2 रुपये 20 पैसे आणि चार ते सहा आसांच्या (ॲक्सलच्या) वाहनाला 3 रुपये 45 पैसे असा पाया धरलाय. दरवर्षी 1 एप्रिलला त्यात तीन टक्के आणि घाऊक महागाईचा काही हिस्सा मिळवतात. म्हणजे साधा ट्रक कारच्या साडेतीनपटही भरत नाही.

आता रस्त्याची झीज पाहा. ती आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताप्रमाणे वाढते, हे अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 या काळात झालेल्या चाचण्यांतून पुढे आलं. रस्त्याची जाडी ठरवताना 8.16 टनांचा आस प्रमाण मानतात. कारच्या आसावर 700 किलो धरले, तर त्या एका आसाइतकी झीज व्हायला कारचे अठरा हजारांवर आस जावे लागतात. 2018 मध्ये चार टायरच्या एका आसाची मर्यादा 10.2 वरून 11.5 टन केली. भार पावणेतेरा टक्के वाढला, झीज साठ टक्क्यांनी. त्याच आसावर 14 टन लादले की कायदेशीर भाराच्या दुपटीहून जास्त झीज होते.

कोराडी-खापरखेड्याची राख, वणीचा कोळसा, कन्हानची रेती हे सगळं नागपूरभोवतीच्याच रस्त्यांवरून जातं. त्याचा परिणाम नाक्याच्या थोडं अलीकडे, डाव्या लेनमध्ये बघा. भरलेले ट्रक तिथेच ब्रेक दाबतात. एप्रिल-मेच्या 45 अंशांत डांबर मऊ पडलेलं असतं, त्यामुळे चाकांखाली दोन चाकोऱ्या बसतात आणि मधला उंचवटा कारच्या तळाला घासतो. पावसाळ्यात चाकोरीत पाणी साचतं, पाण्यानं गिट्टीवरचं डांबर सुटतं आणि आठवड्याभरात खड्डा पडतो. ऐन नाक्याच्या लेन सिमेंटच्या करतात त्या याचसाठी. रस्त्याखाली आपली काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली किंवा नाली बुजली की पाणी कडेनं आत मुरतं आणि रस्ता काठाकडून खचत जातो.

खड्डा नीट बुजवायचा तर त्याभोवती चौकोन कापावा लागतो, कडा सरळ उभ्या. आतला चिखल आणि सुटी गिट्टी काढून तळ कोरडा करायचा, तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात द्यायचा, मग गरम मिश्रण थराथरानं भरून दाबायचं, थोडं वर ठेवून. प्रत्यक्षात ट्रॅक्टरमधून फावड्यानं मिश्रण टाकतात आणि दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. असं ठिगळ पहिल्या मोठ्या पावसात कडेनं उचकटतं. नाली उपसणं आणि भेगा बुजवणं ही स्वस्त कामं आहेत, पण ती वेळच्या वेळी व्हायला हवीत. देखभालीतलं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे.

पैसा नाही असंही नाही. पेट्रोलवर रस्ते सेस आहेच. मे 2022 च्या कपातीनंतर तो लिटरला 5 रुपये आणि डिझेलवर 2 रुपये राहिला. नाक्यावर टोल नसलेला दुचाकीवालाही तो भरतो. मात्र सरकारी पैशातून बांधलेल्या रस्त्याचा टोल देशाच्या संचित निधीत जातो, त्यामुळे बोरखेडीला भरलेला रुपया बोरखेडीच्याच रस्त्यावर येईल असं बंधन नाही. बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) रस्त्यावर टोल ठेकेदाराकडे राहतो आणि देखभाल करारानं त्याच्यावरच असते. विजेची गाडी इंधन सेस भरतच नाही, तशा गाड्या वाढतील तसा हा ओघ आटत जाणार.

म्हणून कारला स्वस्त पास देताना नाक्यांवरच्या वजनकाट्यांची कडक अंमलबजावणी सोबत यायलाच हवी होती. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही. आसांचं वजन मोजून टोल लावला, तर कोळसा-रेती वाहणाऱ्यांचा खर्च वाढेल आणि तो शेवटी वीज-बांधकामात दिसेल. तरीही तेच न्याय्य आहे, कारण आज तोच खर्च खड्ड्यांच्या रूपानं सगळे सोसतात.

पास घेतलाच आहे तर 1033 वापरा. ॲम्ब्युलन्स, क्रेन आणि गस्तीची गाडी या क्रमांकावर मागवता येते आणि खड्ड्याची तक्रारही तिथेच होते. तक्रार देताना किलोमीटरचा दगड, त्यापुढचा 200 मीटरचा छोटा दगड, रस्त्याची बाजू आणि कोणत्या गावाकडे जाणारी लेन हे सांगा. ‘मौद्याजवळ खड्डा आहे’ एवढ्यावर कोणी पोचत नाही. ॲपमधून फोटो टाकला तर जागा आपोआप जाते. आणि पास पहिल्या मोठ्या प्रवासाच्या आदल्या दिवशी काढा, वर्ष पास चालू झाल्या दिवसापासून मोजतात.