ड्वार्फ टोमॅटो, एका हंगामानंतर: झाड बुटकं, पण कुंडी मोठीच लागते

ड्वार्फ म्हणजे बुटक्या झाडाचे टोमॅटो. मी ते गच्चीवर कुंडीत लावले. थेट तक्रारीवर येते. बियांच्या पाकिटावर 'आठ इंची कुंडीत घ्या' असं छापलं होतं. माझा सगळा राग त्या ओळीवर आहे.

वाण रोझेला पर्पल. नवरात्रात पेरलं. जाड बुंधा, गर्द हिरवी सुरकुतलेली पानं ही ड्वार्फची खूण दिसली, म्हणजे माल अस्सल. डिसेंबरात फळं लिंबाएवढी झाली आणि बुडाशी पाणचट डाग दिसला. बघता बघता तो काळा पडून चामड्यासारखा झाला. एकामागून एक फळ असंच फेकलं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'कॅल्शियम कमी पडतंय, आमचं फवारणीचं औषध घ्या.' म्हणजे बियांचे पैसे झाले, आता औषधाचे! इंदूरला आमच्या बोरिंगच्या पाण्यानं नळांवर पांढरे थर चढतात, इथे कॅल्शियमला काय तोटा? ते मुळांतून पाण्याबरोबर फळापर्यंत चढावं लागतं. पानांवर मारलेलं फळात उतरत नाही. आठ इंची कुंडी सकाळी भरावी तर दुपारी गच्चीवर ठणठणीत कोरडी, मग ते चढणार कसं? पैसे परत मागितले तर म्हणे, 'बी उगवलं ना, मग आमची जबाबदारी संपली.' छोट्या कुंडीत येतात ते मायक्रो ड्वार्फ, म्हणजे याहून कितीतरी बुटके वाण, टायनी टिम किंवा मायक्रो टॉमसारखे. हे झाड तीन-चार फूट वाढतं, त्याला मुळं पसरायला जागा नको?

रोपं उपटायचंच ठरवलं होतं. पण दिवाळीच्या रंगकामातल्या 20 लिटरच्या बादल्या पडून होत्या. बुडाला भोकं पाडली, मातीत निम्मं कंपोस्ट मिसळलं, मुळांचा गोळा न फोडता रोपं हलवली, वर वाळक्या पानांचा जाड थर दिला. ओल टिकू लागली आणि त्यानंतर धरलेली फळं बुडापर्यंत स्वच्छ निघाली.

आता या वाणाबद्दलचं मत साफ पालटलंय. एवढ्या फळांच्या भाराला एकच काठी पुरली. चव तर अशी की नुसतं मीठ लावून खावं. शेव-टोमॅटोच्या भाजीला मात्र गावठी आंबटच बरा.

शिवाय हे संकरित बी नाही, म्हणजे घरी धरलेल्या बियांतून तसंच झाड येतं. अमेरिकेतले क्रेग लेहूलियर आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नुस्के स्मॉल यांनी हौशी बागकाम करणाऱ्यांना जोडीला घेऊन असे कितीतरी वाण तयार केले आणि सगळ्यांसाठी खुले ठेवले. म्हणून पाकीट पुन्हा घेणार नाही. चांगल्या फळाचा गर दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवून बी डबीत भरलंय. मार्च सरता सरता पारा 35 च्या वर गेला की फुलं गळतात, तेव्हा उन्हाळ्यात पेरायच्या फंदात पडू नका. बी हवं असेल तर माझ्याकडून न्या, पण बादली आधी आणा.