शाळेतल्या पोरींच्या फुटबॉल टीमसाठी घेतलेलं सामान, पूर्ण सीझन वापरून झाल्यावर

जूनच्या शेवटी शाळा उघडली (आपल्या विदर्भात उशिराच उघडते) आणि आठवडाभरात हेडमॅडमनी बोलावून सांगितलं की यंदा १७ वर्षांखालच्या मुलींची फुटबॉल टीम उतरवायची, प्रॅक्टिस तुम्ही घ्या, सामानही तुम्हीच आणा, शाळेकडून १५ हजार मिळतील. मी पीटी शिकवते, कॉलेजात स्वतः फुटबॉल खेळलेली आहे, पण १६ पोरींचं सामान एकदम घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली. आणि जिथे विचारावं तिथे मुलांच्या टीमचाच हिशेब मिळत होता. म्हणून जुलै ते सप्टेंबर आठवड्याला ५ दिवस सगळं वापरून झाल्यावर लिहितेय, दुसऱ्या कोणत्या मॅडमला किंवा सरांना उपयोगी पडावं.

एकूण खर्च २४ हजार २३० रुपये आला. वरचे ९ हजार २३० स्टाफरूममधून आणि एका माजी विद्यार्थिनीकडून जमा झाले. यातले निम्मे पैसे बुटात गेले, तर बुटापासूनच सुरू करते.

पहिली चूक माझी. घाईत ६ जोड ऑनलाइन मागवले, फोटोत छान दिसत होते, पोरींनी हौसेनं घातले आणि तिसऱ्या आठवड्यात सोल निघायला लागले. आमच्या ग्राऊंडला एका बाजूला मुरूम आहे आणि दुसऱ्या बाजूला काळी माती, जुलैच्या पावसात ती काळी माती अशी चिकटते की पाय उचलला तर बूट खालीच राहतो, सोल नुसता चिकटवलेला असेल तर तो टिकतच नाही. परत घ्यायला नकार मिळाला. ते पैसे माझ्या खिशातून गेले, या हिशेबात धरलेले नाहीत.

मग नागपुरात बर्डीवर आणि यशवंत स्टेडियमच्या आजूबाजूला दोन दिवस दुकानं फिरले. आमच्या पोरींचे पाय यूके साइज ३ ते ५ मधले, आणि दुकानात एकतर ६ पासून पुढचे मोठ्या माणसांचे बूट, नाहीतर एकदम बारक्या पोरांचे. मधलं मापच नाही. एका ठिकाणी तर सरळ सांगितलं, "मॅडम, ६ नंबर घ्या अन् समोर कापूस भरा, सगळे असंच करतात." आमच्या दोघी जणी गेल्या वर्षी आंतरवर्गीय मॅचेसमध्ये हेच करत होत्या हे मला नंतर कळलं, भावाचे बूट, दोन-दोन मोजे, अंगठ्याचं नख काळं पडलेलं, आणि कोणी चकार शब्द बोललेली नाही. मी विचारलं काऊन नाही सांगितलं गं, तर त्यातली एक म्हणते, "मॅडम, बूट चावूनच राह्यतात ना जी, मले वाटलं असंच असते." हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस संध्याकाळी ठेवली. संध्याकाळी पाय थोडा फुगलेला असतो म्हणून माप तेव्हाच घ्यायचं. प्रत्येकीला कागदावर उभं केलं, पेन्सिलनं पायाभोवती रेघ मारली, वर रोल नंबर लिहिला, आणि ते १६ कागद घेऊन बर्डीवरच्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी सगळे कागद काउंटरवर पसरले, पट्टीनं मोजले आणि फोन करून जालंधरहून माल मागवला. ९ दिवसांनी १६ जोड आले, ७५० रुपये जोड. तीनच बदलावे लागले आणि तेही त्यांनी विनातक्रार बदलून दिले. काका म्हणाले, मुलींचं माप कोणी मागतच नाही म्हणून आम्ही ठेवत नाही. मला हे पटलं आणि वाईटही वाटलं, कारण पोरी मागत नाहीत याचं कारण त्यांना मिळेल असं वाटतच नाही.

स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे खुंट, कोणते घ्यावेत? मोल्डेड (सोलसोबतच साच्यात घडवलेले), आखूड आणि गोल. मेटलचे अजिबात नको, लांब ब्लेडसारखे पण नको, ऑगस्टमध्ये ऊन पडून माती कडक झाली की ते जमिनीत अडकतात, पाय तिथेच राहतो आणि शरीर वळतं. मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते हे अभ्यासांतून सिद्ध झालेलं आहे, म्हणून मी स्टडच्या बाबतीत कोणाचंच ऐकलं नाही. सोबत फिफाचं ११ प्लस वॉर्मअप ठेवलं, आधी ८ मिनिटं पळणं, मग १० मिनिटं ताकद, उड्या आणि बॅलन्स, शेवटी २ मिनिटं परत जोरात पळणं. याला एक पैसा लागत नाही, फुकटात मिळालेली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. संपूर्ण सीझनमध्ये आमची एकही पोरगी गुडघा धरून बाहेर आली नाही. १६ च पोरी आहेत, त्यामुळे यावरून काही सिद्ध होत नाही, पण मी हे सोडणार नाही.

नवीन बूट आले त्याच दिवशी शाळेच्या कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडून साईड शिलाई मारून घेतली, ६० रुपये जोड, आणि हे पैसे ज्याचे त्याने दिले. त्यातला एकही सोल अजून निघालेला नाही. कोणताही बूट घ्या, हे पहिल्या दिवशीच करा, निघाल्यावर नाही.

बॉल निव्हियाचा स्टॉर्म घेतला, ५ नंबर, ४ नग, एक ६५० ला. ज्या ग्राऊंडवर गवत कमी आणि खडे जास्त तिथे हाच चालतो, हे मला नागपूरजवळच्या कामठीच्या एका जुन्या खेळाडूनं सांगितलं होतं, आणि फुटबॉलच्या बाबतीत कामठीवाल्यांचं ऐकावं. तीन महिन्यांत एकाचीही शिवण उसवली नाही. छपाई पार निघून गेली, काळ्या मातीनं रंग बदलला, पण आकार गोलच्या गोल. वजनाला थोडा जड वाटतो, विशेषतः ओला झाला की, आणि पायाला सवय व्हायला आठवडा लागतो.

पण बॉलपेक्षा महत्त्वाचं निघालं ते पंपासोबत घेतलेलं प्रेशर गेज, म्हणजे बॉलमधल्या हवेचा दाब मोजायचा काटा. आमची लेफ्ट बॅक (डाव्या बाजूनं गोल वाचवायला खेळणारी), टीममधली सगळ्यात धीट पोरगी, हेडर मारायचीच नाही. बॉल वरून आला की खाली वाकायची. मी दोन आठवडे टेक्निक शिकवत बसले, डोळे उघडे ठेव, कपाळानं मार, मान ताठ ठेव. एक दिवस रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, डोकं सुन्न होते जी, दगड लागल्यावानी." मी बॉल अंगठ्यानं दाबून पाहिला तर खरंच दगड. शिपाई दादा कौतुकानं रोज सकाळी शेजारच्या पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसरनं हवा भरून आणत होते. गेज लावलं तर काटा २० च्या पुढे. नियमात ८.५ ते १५.६ पीएसआय एवढीच हवा चालते, आणि आमच्या कडक ग्राऊंडवर ९ पुरेशी आहे. हवा काढली, आणि पहिले चार दिवस तर हातानं हलके फेकूनच हेडर करायला लावले. माझ्या दोन आठवड्यांच्या ओरडण्यानं जे झालं नाही ते त्या छोट्या काट्यानं झालं. त्या पोरीची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. पंप आणि गेज मिळून ४५० रुपये. सुई आत घालताना पाण्यानं ओली करा, कोरडी घातली तर व्हॉल्व्ह फाटतो.

आता कपडे. दुकानदार जर्सीसोबत पांढरी शॉर्ट देत होता, शाळेचा रंग पांढरा-निळा म्हणून शाळेलाही तेच हवं होतं. मी नेव्ही ब्लू मागितली. स्टाफरूममध्ये थोडी चर्चा झाली तेव्हा मी सरळ सांगितलं की पाळीच्या दिवसांत पांढऱ्या शॉर्टमध्ये पोरगी अर्धं लक्ष मागे ठेवून खेळते. इंग्लंडच्या महिला टीमनंसुद्धा खेळाडूंनीच हे बोलून दाखवल्यावर २०२३ च्या वर्ल्ड कपला पांढऱ्या शॉर्ट सोडून निळ्या घेतल्या. त्यावर सगळे गप्प झाले आणि हेडमॅडमनी तिथेच सही केली. जर्सी आणि शॉर्टचा सेट ३८० ला पडला. कापड जाळीचं ड्राय फिट आहे, पावसात भिजलं तरी अंगाला चिकटत नाही, नंबरची प्रिंट मात्र १२-१५ धुण्यांत सोलायला लागली. ज्यांना घरून शॉर्टची परवानगी नव्हती त्या पाच जणींनी आत त्याच रंगाची लेगिंग घातली, रंग सारखा असल्यानं रेफ्रींनी हरकत घेतली नाही.

आणि एक गोष्ट जी कोणत्याच सामानाच्या यादीत नसते, ती म्हणजे स्पोर्ट्स ब्रा. त्या नसल्यामुळे पोरी पळायचं टाळतात, दम लागलाय असं सांगतात, आणि सर लोकांना वाटते आळशी आहेत. मी आयांची एक वेगळी मीटिंग घेतली, १६ पैकी १३ आया आल्या, आधी सगळ्या खाली बघत होत्या, मग एक जण म्हणाली की आम्ही शाळेत असताना याच्यासाठीच खेळणं सोडलं होतं, आणि मग पुढचा पाऊण तास सगळ्याच बोलत होत्या. त्यांनीच ठरवलं, बाई काउंटरवर असलेल्या दुकानात आपापल्या पोरीला घेऊन गेल्या. खरेदीत माझा हात काहीच नाही. फरक मला दुसऱ्याच सोमवारी दिसला. ज्या दोघी प्रत्येक राऊंडला मागे राहायच्या त्या मधल्या घोळक्यात पळत होत्या.

शिन गार्ड (नडगीला लावायचे) १५० चे घेतले, नियमात सक्तीचे आहेत आणि मोज्यानं पूर्ण झाकलेले लागतात. उंचीप्रमाणे साइज घ्या. घामानं आतला फोम कुजतो आणि पायाला पुरळ येते, आमच्या तिघींना आलं, म्हणून दर शनिवारी साबणानं धुवायचं ठरवलं. बाकी ठीक.

गोलकीपरचे ग्लोव्हज ७०० चे, आणि यात मी फसले. तळहाताचा घेर इंचात मोजून त्यात एक मिळवला की साइज येते, आमच्या कीपरची ७ येत होती, मिळाले ८. पकड चांगली आहे, खेळायच्या आधी तळवा पाण्यानं ओला करायचा, नंतर धुवून सावलीत वाळवायचे, उन्हात टाकले की लॅटेक्सला भेगा पडतात, हे सगळं ती पोरगी इमानेइतबारे करायची. पण बोटांची टोकं रिकामी राहायची, मनगटाला ती पट्टी दोनदा गुंडाळायची. आमच्या दुसऱ्या मॅचमध्ये बॉल तिच्या हातातून निसटून मागे गेला तेव्हा तिनं आधी हातांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ती चूक तिची नव्हती.

अजून एक, किट बॅगमध्ये एक छोटा झाकणाचा डबा ठेवा. अंगावर कोणताच दागिना चालत नाही, वरून टेप लावून झाकला तरी चालत नाही, हे मला माहीत होतं पण पोरींना पुरेसं सांगितलं नव्हतं. पहिल्या मॅचला रेफ्रींनी चौघींना थांबवलं, बांगड्या, कानातले, आणि एकीची चमकी जी टोचल्यापासून कधी काढलीच नव्हती. मोहरीएवढी चमकी हातात घेऊन ती घाबरून उभी, हरवली तर घरी काय सांगू. मी रुमालात बांधून माझ्या पर्समध्ये ठेवली. आता डबा आहे, त्यावर चिकटपट्टीनं नंबर लिहिलेत.

सीझनचं सांगायचं तर पहिली मॅच १-० नं जिंकलो, दुसरी १-१ झाली आणि पेनल्टीवर हरलो. त्या दुसऱ्या मॅचमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला, बॉल आमच्या गोलच्या तोंडाशी, आणि आमची लेफ्ट बॅक उडून कपाळानं बाहेर मारते. मी बेंचवर उभी राहून ओरडत होते, माझा आवाज दोन दिवस बसला होता. हरल्यावर पोरी रडल्या, मग येताना रस्त्यात तर्री पोहे खाल्ले, आणि पोहे संपायच्या आत त्या शाळांच्या देशपातळीवरच्या सुब्रतो कपचं बोलायला लागल्या, की त्यात २०१२ पासून मुलींचा पण गट आहे ना मॅडम, मग आपण काऊन नाही जाऊ शकत.

दिवाळीनंतर त्या दुकानातल्या काकांकडे परत गेले. पुढच्या बॅचच्या ९ पोरींच्या पायांचे कागद दिले आणि ग्लोव्हजसाठी कीपरच्या हाताचा कागद वेगळा दिला. ७ नंबर मिळायला वेळ लागेल म्हणाले. मी म्हटलं जूनपर्यंत वेळ आहे काका, पण ८ नंबर नका देऊ. त्यांनी कागदावर लाल पेननं ७ लिहून त्याला गोल केला आणि काचेखाली ठेवला.