एटिमऑनलाइन: जोडविशेषणांच्या मुळाशी जायचं असेल तर

'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी' म्हणजेच एटिमऑनलाइन. शब्द कुठून आला हे सांगणारी, डग्लस हार्पर यांनी उभी केलेली ही साइट माझ्या फोनवर कायम उघडी असते. मी इंग्रजी शिकवते, आणि मुलं हमखास अडतात ती हायफनने जोडलेल्या विशेषणांपाशी. सुटे शब्द ओळखीचे असतात, तरी अर्थ काही लागत नाही.

'डाइड-इन-द-वूल' घ्या. कुठलाही कोश अर्थ देतो: कट्टर, पक्का. पण इथे लोकर आली कुठून? एटिमऑनलाइन ते मोजक्या शब्दांत सांगते. लोकर कातायच्या आधी, कच्ची असतानाच रंगवली की रंग तंतूतंतूत मुरतो. विणलेलं कापड नंतर रंगवलं तर तो तितका पक्का बसत नाही. रंगाऱ्यांच्या कामातला हा शब्द पुढे माणसांच्या मतांना लागला. एवढं कळलं की पाठांतर लागतच नाही. 'फार-फेच्ड'चंही तसंच: आधी खरोखर दुरून आणलेलं, मग ओढूनताणून जुळवलेलं. 'ब्लू-ब्लडेड' तर मूळचं स्पॅनिश. गोऱ्या कातडीखाली दिसणाऱ्या निळ्या शिरांवरून कास्तीलच्या उच्चकुलीन घराण्यांनी मिरवलेलं.

नोंदी नेमक्या आणि वाचनीय आहेत, वापर मोफत आहे. शब्दापुढचं साल मात्र समजून वाचा. तो शब्द लेखी सापडल्याचा सर्वात जुना पुरावा त्या सुमाराचा, एवढाच त्याचा अर्थ. बोलण्यात शब्द त्याआधीपासून असू शकतो.

माझी खरी तक्रार उदाहरणांबद्दल आहे. जुनी वाक्यं इथे फार कमी मिळतात, आणि जोडविशेषणाचा अर्थ कसा सरकत गेला हे वाक्यांशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. नामाआधी 'वेल-नोन ऑथर' असा हायफन येतो, पण 'द ऑथर इज वेल नोन'मध्ये तो सहसा गळतो, हेही इथे शोधू नका. ते या साइटचं कामच नाही. त्यासाठी मेरियम-वेब्स्टर हा इंग्रजी कोश बघा. तिथे बऱ्याच शब्दांचा पहिला ज्ञात वापरही दिलेला असतो.

तारीखवार अवतरणं हवी असतील तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीला पर्याय नाही. 1884 मध्ये तिचा पहिला भाग निघाला आणि 1928 मध्ये ती पूर्ण झाली. ही चिकाटी नोंदीनोंदीत जाणवते. ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते, पण काही ग्रंथालयं आपल्या सभासदांना ती मोफत वापरू देतात. आधी तिथे चौकशी करा.