पीएमपी की सीएसएम?

हिंजवडीत टेस्टिंगमध्ये सहा वर्षं घालवलेल्या भाच्याचा फोन आला: "मामा, प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय. पीएमपी करू की सीएसएम?" दोन्ही प्रमाणपत्रंच: पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, सीएसएम म्हणजे सर्टिफाइड स्क्रम मास्टर. स्क्रम ही छोट्या टप्प्यांत काम पुढे नेण्याची पद्धत, सॉफ्टवेअरमध्ये जास्त चालणारी. क्लासवाल्यांची पगारवाढीची गाजरं बाजूला ठेवून बघू.

पात्रतेत जमीन-अस्मानाचा फरक. पीएमपीसाठी पदवीनंतरही प्रकल्प चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभव आणि 35 तासांचं प्रशिक्षण लागतं. सीएसएमला अनुभवाची अट नाही. दोनेक दिवसांचा वर्ग, मग 50 प्रश्न. 37 बरोबर आले की झालं.

नूतनीकरण दोन्हींना आहे: पीएमपी 3 वर्षांनी, सीएसएम 2 वर्षांनी.

खरा फरक कामात दिसतो. शुक्रवारी संध्याकाळी क्लायंट म्हणतो, "एक छोटंसं बटण वाढवा ना." पीएमपीची शिस्त सांगते, आधी चेंज रिक्वेस्ट लिही, खर्च आणि मुदत किती हलते ते काढ, मंजुरी घे. स्क्रममध्ये ते बटण बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत जातं. त्याचं प्राधान्य प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बनवायचं ते बघणारा, ठरवतो. स्क्रम मास्टर टीमच्या वाटेतले अडथळे काढतो. बजेट, कंत्राट, व्हेंडर सहसा त्याच्या ताटात येतच नाहीत. (मी एकदा क्लायंटच्या अशाच मागणीला नुसता तोंडी होकार दिला होता. टीम तीन आठवडे फुकट राबली.)

म्हणून बांधकाम, कारखाना किंवा ठरल्या किमतीचं कंत्राट असेल, तर पीएमपी. सॉफ्टवेअर टीममध्येच राहून पहिली पायरी चढायची असेल, तर सीएसएम. भाच्याने अजून एकही प्रकल्प चालवलेला नाही, तेव्हा त्याला तूर्तास सीएसएमच.